मावशींचा तळपाय

"तू पाणी टाक, थांबू नको."

मावशी रोज असंच म्हणायच्या, पण त्या दिवशी मी थांबली, कारण मोरीतलं पाणी लाल होऊन राहिलं होतं. मावशी पाटावर बसलेल्या, पाय लांब केलेले, पायांवर माझी चार महिन्यांची चिमी पालथी, आणि खालून लाल पाणी जाळीकडे चाललंय, साबणाचा फेस पण गुलाबी. माझ्या हातून तांब्या पडला. मला वाटलं चिमीला लागलं. मी तिला ओढून घेतली, उलटी केली, सुलटी केली, कान पाहिले, बोटं पाहिली, बेंबी पाहिली, ती रडायला लागली, मी पण. कुठेच काही नाही. मावशी तशाच बसलेल्या. म्हणाल्या, "अगं, पोरीला हवा लागेल. टॉवेल घे. रक्त माझं आहे."

रक्त माझं आहे. जसं कोणी म्हणतं, ती चप्पल माझी आहे.

उजव्या टाचेवर काळा डाग होता त्यांच्या, तो फुटला होता. आणि तो डाग मी रोज पाहत होती. हेच सांगायचं आहे मला, बाकी सगळं ह्याच्या मागेपुढे आहे.

अशी बाई तुम्ही पण पाहिली असेल. आपल्या मराठी घरांत पोर झालं की येते, बाळाला तेल लावते, पायांवर घेऊन न्हाऊ घालते, शेक देते, बाळंतिणीची कंबर चोळते, आणि जाताना पूर्ण घराला चार शब्द सुनावून जाते. आमच्या ह्या हिंदी शहरात, छत्रीबागेच्या गल्ल्यांत, तीस वर्षं ह्याच मावशी होत्या. नाव लिहीत नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर मीच भरलं होतं त्यांचं नाव, तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते मला त्यांचं वाटलंच नाही. मावशीच बरं आहे.

ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर खोचलेला. गल्लीतून स्कूटरवर मोठा मिशीवाला माणूस गेला, "राम राम मावशी" म्हणाला, की ह्या मला हळूच सांगायच्या, "हा? हा रोज माझ्यावर सू करायचा." पलासियाच्या बँकेत कोणी साहेब आहे, तो पण ह्यांच्याच हातचा. "ह्या पायांवर पूरा मोहल्ला उलटा झाला आहे," म्हणायच्या. आमचे हे पण त्याच पायांवर न्हालेले. एकदा माझ्या सासूबाई दारातून म्हणाल्या, "मावशी, जरा हळू चोळा हो." मावशींनी वर पण नाही पाहिलं. "तुमच्या मुलाला असंच चोळलं होतं. तुटला का? आळशी झाला तो तुमच्या लाडानं." सासूबाई गप आत गेल्या. मला हसू आलं, मी तोंडात पदर धरला. नवीन सुनेला असं हसायला कुठे मिळतं.

पाणी टाकायचं काम माझं. मी आठवीपर्यंत शिकलेली, माहेर लांब, पहिलं पोर, मला सगळ्याची भीती वाटायची. मान तुटेल, नाकात पाणी जाईल. मी थोडं थोडं टाकायची. मावशी म्हणायच्या, "काय कंजूसपणा लावला? नदी आटली का? टाक. एक धार धर, मुलाला धार आवडते, थांबली की घाबरतं." मग मी धार धरायची.

आणि न्हाणं झालं की काजळ. एक तीट गालावर, एक तळपायाला. गालावरची सगळे लावतात, मी विचारलं पायाला कशाला. म्हणाल्या, "पोर चालणार कशावर? तोंडावर?"

आता असं आहे की मावशी पाय लांब करून बसायच्या आणि मी समोर, बादलीजवळ. म्हणजे त्यांचे तळवे एकदम माझ्या तोंडासमोर. तर पहिल्या दिवसापासून मला तो डाग दिसत होता. मसुरीच्या दाण्याएवढा, टाचेच्या आतल्या बाजूला. मी दाखवला तर म्हणाल्या, "इतक्या पोरांच्या तळपायाला तीट लावली, देवानं मला लावून दिली." आम्ही दोघी हसलो.

मग तो चवळीएवढा झाला. चालताना दुखतो म्हणाल्या. सासूबाईंनी पाहिलं, म्हणाल्या कुरूप आहे, बिब्बा घाला. बिब्बा तुम्हाला माहीत असेल, इथे भिलावा म्हणतात, सुईला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटतं, ते गरम गरम लावायचं. मावशींना स्वतःला टाच दिसत नव्हती, गुडघे वळत नव्हते, घरात दुसरं कोणी नाही. नवरा कधीचा गेला, मूल झालं नाही. अजीब आहे ना, पण तसंच होतं. म्हणून मी लावायची. चिमी झोपली की मावशी पाय माझ्या मांडीवर द्यायच्या, मी बिब्बा लावायची, आणि त्या विचारायच्या, "पाहून सांग. कमी झाला का?"

मी म्हणायची, "कमी आहे मावशी."

मला काय दिसणार होतं? बिब्ब्यानं पूरी टाच काळी. डाग कुठे संपतो आणि बिब्बा कुठे सुरू होतो, कळायचं नाही. पण खोटं कशाला बोलू, थोडं कळायचं. दोन दिवस बिब्बा नाही लावला की आजूबाजूचं काळं फिकं व्हायचं आणि डाग तसाच राहायचा, उलट पसरलेला. एका बाजूला काळा कुळकुळीत, एका बाजूला भुरा, मधे निळसर, आणि काठ असा वाकडातिकडा, पाणी सांडल्यासारखा. मी पाहायची आणि म्हणायची कमी आहे. त्यांना बरं वाटायचं. आणि डॉक्टरकडे गेल्या तर उद्या चिमीला कोण न्हाऊ घालणार, हे पण माझ्या मनात होतं. ते पण लिहून देते.

तीन महिने असं. मग ते लाल पाणी.

पलासियाला चामडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिथे घेऊन गेली. चिमी कडेवर, दूध पिणारी, तिला कुठे ठेवणार. ऑटोवाल्याला मावशी म्हणाल्या, "भिया, जरा देखके, मेरे पास कांच का सामान है," आणि चिमीकडे बोट केलं. तेव्हा पण मस्करी.

डॉक्टरीणबाईंनी टाच धुतली, दुर्बिणीसारखं काही लावून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, "अम्मा, ये कब से है? बढ़ा क्या?"

"हिला पूछो," मावशी म्हणाल्या. "रोज ये देखती है. मेरे को तो दिखता नहीं. ये बोलती है कम है."

दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या. चिमीनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं, ते पण मला आठवतं. मी म्हटलं, "मसूरएवढा होता. आता चिंचोक्याएवढा आहे. दर महिन्याला वाढला."

मावशींनी मान वळवून मला पाहिलं. बस. एकदा. मग चिमीच्या तोंडातून मंगळसूत्र काढलं.

परत येताना ऑटोत मी वाट पाहत होती की आता बोलतील, आता शिव्या देतील. खान नदीच्या पुलावर ट्राफिक अडकला, वास येत होता, त्यांनी पदर नाकाला लावला, म्हणाल्या, "आज पोरीला तीट राहिली बघ." नंतर कधीच काही बोलल्या नाहीत त्या गोष्टीवर. मला वाटलं घरी जाऊन रडेन. नाही आलं रडू. तांदूळ निवडले. त्या दिवसापासून माझ्या आत काही तरी सुन्न आहे, पायाला मुंग्या येऊन जातात आणि मग काही कळत नाही ना, तसं.

डागाचा एक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. मेलेनोमा. चामडीचा कॅन्सर, तीळ काळा करणाऱ्या पेशींचा. मी मोबाईलवर शोधलं तर सगळीकडे गोऱ्या लोकांचे फोटो, ऊन, समुद्र, पाठीवरचे तीळ. मी म्हटलं चूक झाली असेल, मावशी कुठे उन्हात झोपतात? मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरना हेच विचारलं. ते म्हणाले, "आपल्याकडे हा बहुतेक तळपायालाच होतो, नाही तर तळहाताला, नखाखाली. उन्हाशी संबंध नाही. आणि लोक कुरूप समजून कापतात, जाळतात, म्हणून उशिरा येतात." मी खाली पाहिलं. मावशी म्हणाल्या, "ह्यात पोरीचा काय दोष, पाय माझा." मग मी हिंमत करून विचारलं, बिब्ब्यामुळे झाला का. म्हणाले नाही, बिब्ब्यानं कॅन्सर होत नाही. बिब्ब्यानं तो लपला.

त्यांनी कागदावर चित्र काढलं. चामडीचे थर, खाली चरबी, बाजूला एक गाठ. म्हणाले, स्टेज म्हणजे हा किती खोल गेला आणि किती लांब गेला. अगदी वरच्या पापुद्र्यात असेल तर झिरो. पातळ आहे, चामडीतच आहे, तर पहिली, कापून टाकलं की बहुतेक सुटका. जाड झाला, वरून फुटला, पण अजून चामडीतच आहे, तर दुसरी. जांघेतल्या गाठीत गेला किंवा जवळपास नवे ठिपके आले तर तिसरी. फुप्फुसात, लिव्हरमध्ये, मेंदूत गेला तर चौथी.

मी काही समजली नाही. मावशींनी चष्मा पुसला, कागद जवळ घेतला. "म्हणजे तेल किती जिरलं ते," म्हणाल्या. "वरच्या वर आहे तर पुसून निघेल. आत जिरलं तर नाही निघत."

डॉक्टर म्हणाले, "हो मावशी. तसंच."

"मग माझं किती जिरलं?"

"ते ऑपरेशनमध्ये कळेल."

ऑपरेशन झालं. डागाच्या चारी बाजूंनी बोटभर चांगली चामडी पण काढावी लागते, नाही तर काठाला काही राहून जातं. टाचेला खड्डा झाला, मांडीची चामडी काढून तिथे लावली. जांघेतली पहिली गाठ निळं औषध टोचून शोधली आणि काढली, तिच्यात कॅन्सरचे कण निघाले. तिसरी स्टेज. मावशींना सांगितलं तर आधी विचारलं, "मांडीची चामडी टाचेला लावली, आता मी मांडीवर चालू का?" वॉर्डातल्या नर्स हसल्या. मी पण हसली. रात्री त्यांनी काय केलं असेल ते मला नाही माहीत.

मग सुया. मला वाटलं किमो, केस जातील. डॉक्टर म्हणाले, ही किमो नाही, ह्या सुया शरीराचे जे शिपाई झोपलेत त्यांना उठवतात. तुकड्याची आणखी एक तपासणी केली, गोळीवाला इलाज लागू पडेल का पाहायला, त्यात नाही आलं, गोळी चालणार नव्हती. तर सुया. चार झाल्या, आणि मावशींचं पोट असं बिघडलं की दिवसाला दहा वेळा जावं लागायचं, रक्त पडायला लागलं. त्यांचे शिपाई त्यांच्याच आतड्यांशी लढायला लागले. डॉक्टरनी सुया थांबवल्या. म्हणाले, आता पाहत राहायचं. दर महिन्याला पाय पाहायचा, जांघ चाचपायची, कुठे नवा काळा ठिपका दिसला की त्याच दिवशी यायचं.

पाहायचं. पुन्हा पाहायचं.

मावशी शहराबाहेर हातोदला गेल्या, भाचीकडे. भाचीला दिवस होते. तिला काही नव्हतं सांगितलं, फक्त टाचेचं ऑपरेशन एवढंच. "घाबरट आहे ती, तिच्या पोटात पोर आहे. तू ये महिन्यातून एकदा." मी बसनं जायची, चिमीला घेऊन. चिमी आता चालायला लागली होती. दारापुढच्या ओट्यावर मावशी पाय माझ्या मांडीवर द्यायच्या, मी मोजा काढायची, मला चष्मा नसून पण डोळे बारीक करून पाहायची, एक एक बोट, बोटांच्या मधे, घोटा, पिंडरी.

"पाहून सांग."

"साफ आहे."

"खरं?"

"खरं मावशी." आणि खरंच असायचं.

भाचीला मुलगा झाला. मी गेली तेव्हा बारा दिवसांचा होता. मावशींनी मला फोनवर सांगून ठेवलं होतं की तोपर्यंत कोणी दुसरीनं न्हाऊ घातलं, पण आज मी घालणार, डॉक्टर म्हणाले बसायला हरकत नाही, आणि पाणी तू टाकायचं, ह्या पोरींना धार धरता येत नाही. पोहोचली तर सगळी तयारी. पाट, गरम पाण्याची बादली, वाटीत तेल, धुरीचा निखारा. बाहेर धान्याच्या मंडीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा आवाज. मावशींनी काष्टा खोचला होता. दीड वर्षात मी त्यांना काष्टा खोचलेलं पाहिलं नव्हतं.

"आधी पाय पाहून घे," म्हणाल्या. "ते काम आटपून टाक."

ओट्यावर ऊन होतं. मी मोजा काढला. टाचेची चामडी चांगली बसली होती. घोटा साफ. आणि घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, तीन ठिपके. मोहरीएवढे. निळसर काळे. गेल्या महिन्यात नव्हते. मी अंगठा फिरवला, वाटलं काजळ असेल, बाळाचं काजळ लागलं असेल. पुसले नाही गेले. हाताला कडक लागले.

आत बाळ रडायला लागलं. भाची ओरडली, "मावशी, तेल थंड होतंय!"

"आली गं." मग मला, "पाहून सांग. साफ आहे ना?"

मी म्हटलं, "साफ आहे."

मावशी पाटावर बसल्या, पाय लांब केले. बाळ पालथं घेतलं. तेल लावलं, पाठीवर, कानामागे, छोट्या छोट्या ढुंगणावर, बाळ आधी रडलं मग गप झालं, आणि मावशी त्याच्याशी बोलायला लागल्या, "काय रे, कुठून आला रे, एवढा उशीर कशाला केला, मी किती दिवस वाट पाहून राहिली." मी पाणी टाकत होती. त्यांचे तळवे माझ्या तोंडासमोर, तीन ठिपके माझ्या तोंडासमोर, पाणी त्यांच्यावरून जात होतं. मला काही वाटत नव्हतं. फक्त धार तुटू द्यायची नाही एवढंच कळत होतं.

धुरी झाली, बाळाला गुंडाळलं, गालाला तीट, तळपायाला तीट. भाची बाळाला घेऊन आत गेली. मावशी पाटावरच बसून राहिल्या, हात तेलकट.

मग मी सांगितलं. "मावशी, घोट्याच्या वर तीन ठिपके आहेत."

त्यांनी पायाकडे नाही पाहिलं. म्हणाल्या, "मला वाटलंच. तू पाणी हळू टाकत होतीस."

"मी आधीच पाहिले होते."

"हो ना. ओट्यावर." हात लुगड्याला पुसले. "चल, उठव मला. मोजा दे."

दुसऱ्याच दिवशी आम्ही हॉस्पिटलला गेलो. ठिपके काढले, पूर्ण शरीराची तपासणी झाली, दोन्ही फुप्फुसांत निघालं. चौथी. डॉक्टर म्हणाले एक दिवस आधी काय आणि नंतर काय, फरक नव्हता पडला. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या जातीची सुई दिली, ती दोन वेळा झाली. मग श्वास लागायला लागला, मग ऑक्सिजन, मग हातोदला घरी. दिवाळीच्या आधी गेल्या. ते बाळ त्यांच्या पायांवर एकदाच न्हालं, आणि ते शेवटचं.

आता मी चिमीला स्वतः न्हाऊ घालते, बसून, नळाखाली. रोज तिचे तळपाय पाहते, बोटांच्या मधे पण. ती हसते, गुदगुल्या होतात तिला. स्वतःचे पण पाहते, आरसा धरून. सासूबाईंचे पण पाहते, त्या चिडतात. तुमचे पण पाहून घ्या, दुसऱ्या कोणाला दाखवा, स्वतःला दिसत नाहीत.

आणि एक मला सांगा. तीन महिने मी कमी आहे म्हणाली, ते चूक होतं, ते मला माहीत आहे, त्याचं मी विचारत नाही. मी त्या ओट्याचं विचारून राहिली आहे. ऊन आहे, पाय तुमच्या मांडीवर आहे, आत बाळ रडतंय, तेल थंड होतंय, काष्टा खोचलेला आहे, आणि मावशी विचारतात साफ आहे ना. तुम्ही असता तर आंघोळीच्या आधी सांगितलं असतं, का नंतर?